शमसूबाईंच्या वाळलेल्या स्लाइड्स

शमसुन्निसा शेख हे नाव आमच्या दवाखान्याच्या हजेरीबुकातच तेवढं पूर्ण लिहिलेलं आहे. तोंडाने कोणी पूर्ण उच्चारत नाही, कारण आपण निम्म्यावर येईपर्यंत बाईंचं बोलणं सुरू झालेलं असतं. म्हणून सगळे शमसूबाई म्हणतात.

मी दसरू. औषधांच्या खिडकीत बसतो. माझी खिडकी आणि बाईंची लॅब यांच्यामध्ये प्लायवूडची एक फळी आहे, तिला भिंत म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यामुळे गेल्या अठरा वर्षांत बाई जे जे बोलल्या ते मी सगळं ऐकलेलं आहे, त्यांच्या नवऱ्याने ऐकलं नसेल इतकं. त्यांचे मिस्टर अयूबभाई कूलर दुरुस्त करतात आणि बहुधा चालू पंख्यापाशीच बसतात. हे सगळं मी सांगतोय ते या प्लायवूडच्या हक्काने. दवाखाना ट्रस्टचा आहे, सिंदेवाहीकडून वडशाला जाताना लागतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून इथेच राहायचं आहे.

बाई मूळच्या वडशाच्या. वडील शिंपी. हिवाळा आला की नाटक कंपन्यांचे कपडे त्यांच्याकडे शिवायला यायचे, आणि राजाचा अंगरखा व दरोडेखोराची विजार एकाच ताग्यातून निघायची. बाई बारावीनंतर नागपूरला जाऊन लॅबचा डिप्लोमा करून आल्या. पोरगी परक्यांचं रक्त काढणार म्हणून मोहल्ल्यात काही लोक हळहळले. पुढे शुगर वाढली तेव्हा तेच लोक बाही वर करून त्यांच्यापुढे बसले. बाईंनी सुई टोचली आणि हळहळीचं सगळं उट्टं बोलून काढलं. तो त्यांचा स्वभावच आहे. सुई हळू, जीभ जोरात.

आता आमच्या भागातला माणूस घराबाहेर पडताना दोन गोष्टी बरोबर घेतो, मोबाइल आणि खर्रा. मोबाइलची बॅटरी संपते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा, चिमूट गालात ठेवायची आणि मग संध्याकाळपर्यंत जगाकडे अर्धं तोंड मिटून पाहायचं. मीही खात होतो. 'होतो' लिहिताना हात जरा थांबला, ते सोडा. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. माझी दोन जातात, तिसरं बाहेर उभं राहून वाट पाहतं.

त्यामुळे दर बुधवारी आमच्याकडे तोंड तपासणी असते. गालात पांढरा चट्टा, लाल चट्टा, महिनाभर न भरणारी जखम, असं काही दिसलं की बाई त्या जागेवर छोटा ब्रश फिरवतात. ब्रशला त्या जागेच्या पेशी चिकटतात. तो ब्रश काचेच्या स्लाइडवर पुसायचा आणि स्लाइड तडक स्पिरिटमध्ये बुडवायची. मग रंग द्यायचा आणि नागपूरच्या पॅथॉलॉजिस्ट साहेबांकडे पाठवायची. ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून सांगतात की हे साधं आहे, की यातला तुकडा काढून नीट तपासायला हवा. बाईंनी अशा हजारो स्लाइड्स केल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं की चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांच्यासारखा पातळ थर कोणालाच पसरता येत नाही. हे त्या स्वतःच म्हणायच्या, त्यामुळे खोडून काढायला कोणी नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी डॉ. दिव्यानी आली. वय सत्तावीस, दंतवैद्यक कॉलेजात एम.डी.एस. करत होती, आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता तोंडातल्या पेशींचे नमुने तयार करायच्या दोन पद्धतींची तुलना. एक आपली नेहमीची, ब्रश सरळ स्लाइडवर पुसायची. दुसरीत ब्रशचं टोक औषधी द्रव भरलेल्या बाटलीत टाकायचं, बाटली हलवायची, द्रव यंत्रात गरागरा फिरवायचा, तळाशी बसलेल्या पेशी उचलायच्या आणि त्यांचा छोटा गोल थर स्लाइडवर द्यायचा. थुंकी, रक्त, खर्ऱ्याचा भुसा सगळा मागे राहतो आणि पेशी एकेकट्या सुट्या दिसतात, असा तिचा दावा होता.

"म्हणजे पेशीले आंघोळ घालाची," शमसूबाई म्हणाल्या.

"तसंच समजा बाई."

"आमच्या पेशी बिनआंघोळीच्याच बऱ्या होत्या मॅडम. सव्वीस वर्षांत कोणी वास आला म्हणून तक्रार नाई केली."

दिव्यानी हसली. हसणाऱ्या माणसापुढे बाईंचं फार चालत नाही. त्या तयार झाल्या, पण अट घातली. एका पेशंटचा एकच ब्रश, आधी तो त्यांच्या स्लाइडवर पुसला जाईल, उरलंसुरलं दिव्यानीच्या बाटलीत. दिव्यानीने कबूल केलं. प्लायवूडच्या अलीकडे बसून मला हे साफ एकतर्फी वाटलं, ताटातलं आधी जेवायचं आणि खरकट्याशी पैज लावायची. पण बाईंना ते न्यायाचं वाटत होतं.

ऐंशी माणसांचे नमुने घ्यायचे ठरले. सगळ्यांवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा याची यादी दिव्यानीच्या कुलपात. नागपूरच्या साहेबांनाही नाव कळणार नाही, म्हणजे तुलना सरळ होईल.

आता धनराजची ओळख करून देतो. आमच्या फाटकासमोर धनराजचा पानठेला होता. दवाखान्याच्या तोंडाशी तो कसा चालतो हा प्रश्न कधी कोणी विचारला नाही, कारण विचारायला जाणारा तिथूनच पुडी घेऊन परत यायचा. अर्धा स्टाफ त्याचं गिऱ्हाईक, मी त्यातला जुना. धनराज चाळिशीचा, गोड बोलणारा, आणि छाती ठोकून सांगायचा, "मी विकतो, खात नाई." एवढं खरं की तो पुडी तोंडात कोंबत नसे. फक्त पन्नीतला प्रत्येक घोट तयार झाला की चव पाहायला चिमूटभर डाव्या गालात ठेवायचा. दिवसाला साठ-सत्तर घोट. त्याला तो खाण्यात धरत नव्हता.

शमसूबाई आणि धनराज यांचं वैर जुनं. त्या सकाळी फाटकातून आत शिरताना त्याला म्हणायच्या, "लाव रे बावा दुकान, तू भर, मी उपसते." तो मान लववून "या बाई" म्हणायचा.

तपासणीला त्याला आणलं ते त्याच्या बायकोने, वच्छलाने. तिने त्याच्या गालात पांढरं पाहिलं होतं आणि हाताला धरून त्याला रस्त्याच्या या बाजूला आणलं. त्या बुधवारी फळीपलीकडे जे झालं ते मी शब्दन् शब्द ऐकलं.

"आ कर," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ शांतता, म्हणजे ब्रश फिरत होता. मग स्लाइडवर ब्रश पुसल्याचा आवाज, बाटलीत टोक टाकल्याचा टुणकन आवाज, आणि मग बाईंचा बांध फुटला.

"आता आला काऊन रे? इतके वर्षं साऱ्या गावाच्या गालात इस्तव ठेवला, आता सोताचा गाल भाजला तं बायको घेऊन आला? तो चैतू आठवते का तुले, बँकेतला? तुयाच ठेल्यावर उभा राहे. त्याचा जबडा नाई राह्यला आता, पेज पेते नळीनं..."

वच्छला मध्येच म्हणाली, "बोला बाई, अजून बोला, घरी आयकत नाई हा." आता परवानगी मिळाल्यावर बाई कशाला थांबतात. बरंच झाल्यावर स्पिरिटच्या बरणीत स्लाइड पडल्याचा आवाज आला.

दोन दिवसांनी बाईंनी आणखी एक आगाऊपणा केला. रंग दिलेली स्लाइड पाठवण्याआधी त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून पाहिली. निदान करणं त्यांचं काम नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण जाता जाता ठेल्यावर थांबून त्या धनराजला म्हणाल्या, "तुया गालात काही दिसत नाई. डोक्यातबी काही दिसलं नसतं." धनराजला अर्धं वाक्य पुरेसं होतं. त्याने त्या दिवशी मला पुडीवर जादा सुपारी घातली.

महिन्याभराने पहिल्या चाळीस नंबरांचे रिपोर्ट आले, आणि लॅबमध्ये सुतक पडलं. दिव्यानीच्या बाटल्यांतले दोन नमुने वाचता न येण्याजोगे होते. बाईंच्या स्लाइड्समधले अकरा. साहेबांनी बहुतेक ठिकाणी एकच शेरा मारला होता, पेशी वाळून फुगल्या आहेत, रंग नीट बसलेला नाही, मत देता येत नाही.

बाई तरातरा माझ्या खिडकीशी आल्या.

"दसरूभाऊ, स्पिरिटमंधी पाणी कोण टाकते?"

"बाई, मी काऊन टाकीन पाणी?"

"तुमच्याच स्टोअरमधून येते नं? पेशी वाळल्या म्हणे. सव्वीस वर्षांत नाई वाळल्या, आताच काऊन वाळून राह्यल्या?"

तोवरच्या पंधरा वर्षांच्या शेजारानंतर चोरीचा आळ! मी दुपारचा डबा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सीलबंद कॅन आणून त्यांच्यासमोर फोडला, पुढच्या बुधवारी तोच वापरला. त्या बुधवारच्या सात स्लाइड्सपैकी पुन्हा दोन वाळलेल्या निघाल्या. बाईंनी माझी माफी मागितली नाही, पण घरून शिरखुर्मा आणला. ईद दोन महिन्यांवर होती.

मग दिव्यानीने एक साधी गोष्ट केली. एका बुधवारी ती माझ्या खिडकीत, माझ्या स्टुलावर, मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसली. ब्रश स्लाइडवर पुसल्याचा आवाज आला की चालू, स्लाइड बरणीत पडल्याचा आवाज आला की बंद. खरं तर हे अंतर दोन-तीन सेकंदांचं हवं. पहिला पेशंट मुका होता, बाई त्याच्यावर हळहळल्या फक्त, चार सेकंद. दुसरी म्हातारी, तंबाखूची मशेरी लावणारी, एकोणीस सेकंद. तिसरा खर्रा खाणारा मास्तर होता. मास्तर असून खातो म्हटल्यावर बाई त्याच्या शाळेच्या इमारतीपर्यंत पोचल्या. एक्कावन्न सेकंद. तेवढा वेळ ओली स्लाइड त्यांच्या हातात, हवेत, मुद्द्यागणिक वरखाली होत होती. बोलताना हात हलवायची त्यांना सवय आहे.

त्या बुधवारचे रिपोर्ट आल्यावर दिव्यानी आत गेली. मी फळीला कान लावला. एरवी लावावा लागत नाही, पण ती फार हळू बोलत होती.

"बाई, रागावू नका. स्लाइड स्पिरिटमुळे नाही वाळत."

"मंग?"

"तुम्ही बोलता, म्हणून वाळते."

त्यानंतर जी शांतता झाली ती प्लायवूड लागल्यापासून पहिली. मी खरंच घाबरलो. मग बाई म्हणाल्या, "दाखव." दिव्यानीने आकडे दाखवले. शेजारी त्याच पेशंटचे रिपोर्ट ठेवले. जितका उपदेश लांब, तितकी स्लाइड वाईट. जो कमी खायचा, ज्याच्यावर बाई कमी चिडायच्या, त्याची स्लाइड सुंदर. जो गाल भरून खायचा, ज्याला आजार असण्याचा संभव जास्त, नेमकी त्याचीच वाया. जिथे नजर हवी तिथेच धुकं.

उरलेले रिपोर्ट आले तेव्हा एकूण हिशेब झाला. ऐंशीपैकी सतरा स्लाइड्स वाया, बाटलीतले फक्त चार. आणि नंबर बावन्नचा रिपोर्ट असा होता की स्लाइड वाळलेली, मत देता येत नाही. बाटलीतल्या पेशी मात्र संशयास्पद, केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. त्या जागेचा तुकडा लगेच तपासा. दिव्यानीने कुलूप उघडून यादी पाहिली. बावन्न नंबर धनराज.

त्याला निरोप धाडला. तो आला नाही. दिव्यानी स्वतः ठेल्यावर गेली. धनराज नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तुमी शिकून राह्यल्या अजून. शमसूबाईनं सोता पाहून सांगतलं, काही नाई म्हणून. मले त्यायचा भरवसा आहे." भरवसा! ज्या बाईचं त्याने कधी एक अक्षर ऐकलं नाही, तिचं हेच एक वाक्य त्याने शिरोधार्य मानलं होतं.

बाईंनी ॲप्रन काढला नाही, तशाच निघाल्या. सकाळचे साडेदहा, ठेल्यावर गर्दीची वेळ. मीही होतो, म्हणजे मी गिऱ्हाईक म्हणूनच उभा होतो, खोटं कशाला बोलू. वच्छलाही जेवणाचा डबा घेऊन आलेली होती.

"धनराज," बाई म्हणाल्या, "मी तुले काय सांगतलं होतं?"

"काही नाई म्हणून सांगतलं. हे सारे साक्षी आहेत."

"ते खोटं होतं."

ठेल्यावरचे सगळे गाल थांबले.

"खोटं म्हणजे मले कळलंच नव्हतं. पाह्यचं काम माहं नाई, तरी म्या पाह्यलं. आन् जे पाह्यलं ते वाळून खराब झालं होतं. म्या तुले शिव्या देत बसली, तेवढ्यात तुयी स्लाइड वाळली. माह्या तोंडानं तुयी तपासणी खराब केली. सतरा जणायची केली. या पोरीच्या बाटलीत तुया पेशी चांगल्या राह्यल्या, आन् त्या चांगल्या नाईत."

धनराजने हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे बाई, चूक तुमची आन् चिरफाड माही?"

"हाव. असंच आहे ते."

कोणी तरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. मी त्यांना पंधरा वर्षांत पहिल्यांदा बोलायला शब्द शोधताना पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मले शिव्या दे. इथीच दे, साऱ्यायसमोर. पण मंग चाल."

धनराज पन्नीतला अर्धवट घोटलेला खर्रा हातात घेऊन उभा राहिला. त्याने शिवी दिली नाही. वच्छलाने डबा ठेल्याच्या फळीवर ठेवला, त्याच्या हातातली पन्नी काढून घेतली आणि गटारात फेकली. तो माझा खर्रा होता.

तुकडा तपासला. कॅन्सर होता, पण अगदी सुरुवातीचा, वरच्या थरापलीकडे फारसा न गेलेला. नागपूरला ऑपरेशन झालं, गालाच्या आतला भाग काढला, मांडीची कातडी लावली. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी सहा-आठ महिने गेले असते तर जबडा गेला असता. धनराज महिन्याने परतला तेव्हा त्याचे 'स' आणि 'श' एक झाले होते आणि तो बाईंना 'सम्सूबाई' म्हणायला लागला. बाईंनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

तो नागपूरला होता तेव्हा ठेला वच्छलाने चालवला, आणि हो, खर्राच विकला. घरात दुसरं काय होतं चालवायला? परत आल्यावर दोघांनी पंधरा दिवस भांडून तर्रीपोहे सुरू केले. तर्री धनराजला स्वतःला चालत नाही, गाल पेटतो. तो नुसते पोहे खातो आणि रस्सा चाखायला वच्छलाला देतो. आधी पोह्यांवर गर्दी झाली, मग कमी झाली. खर्ऱ्याचं गिऱ्हाईक बँकेजवळच्या ठेल्याकडे वळलं. तिथला खर्रा फार ओला असतो, एवढं मी जाणकार म्हणून सांगतो.

उरलेल्या सोळा जणांच्या बाटल्यांत उरलंसुरलंच गेलं होतं, म्हणून त्यांना बाईंनी स्वतः परत बोलावलं. काही आले नाहीत तर घरी गेल्या, एकाला तर धान मळणीच्या खळ्यावर गाठलं. तिथेच धानाच्या गंजीच्या सावलीत ब्रश फिरवला आणि बाटली रुमालात गुंडाळून आणली. त्यात आणखी एक बाई संशयास्पद निघाली. तिचा तुकडा साधा आला. बाईंनी त्या आनंदात सगळ्या स्टाफला चहा पाजला, मला बिनसाखरेचा.

दिव्यानीचा प्रबंध पूर्ण झाला. तिने त्यात स्पष्ट लिहिलं की द्रवाची पद्धत सरस आहे, पण महागडं यंत्र नसलं तरी साध्या फिरकी यंत्रावर हाताने ती जमते, आणि शेवटी निकाल तुकडा तपासूनच लागतो. एका परिच्छेदात 'नमुना घेणाऱ्या व्यक्तीच्या विलंबाचा परिणाम' असं होतं. बाईंनी मला तो मोठ्याने वाचायला लावला. ऐकून म्हणाल्या, "विलंब म्हणते. किती शिकलेली पोरगी आहे."

आता आमच्याकडे लघवी फिरवायचं जुनं यंत्र घासूनपुसून बाईंनी पेशींसाठी राखून ठेवलं आहे. ब्रश बाटलीत पडला की पेशी सुरक्षित, झाकण घट्ट, आणि बाईंची जीभ मोकळी. कोणतीही घाई नाही. पूर्वी एक्कावन्न सेकंदांत आवरावं लागायचं ते भाषण आता साडेचार मिनिटांवर गेलं आहे. विज्ञानाच्या प्रगतीचा हा परिणाम दिव्यानीच्या प्रबंधात आलेला नाही.

या हिवाळ्यात ट्रस्टने बाईंना सिरोंच्याला पाठवलं, तिथल्या तंत्रज्ञांना ही हाताची पद्धत शिकवायला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, आठ तासांचा खडखडाट एसटीतून. तिथलं सगळं बाईंनीच परत येऊन फळीपलीकडून सांगितलं. तिथे पेशंट तेलुगू बोलणारे. बाईंनी बसमध्येच कंडक्टरकडून दोन शब्द पाठ करून घेतले होते, "नोरु तेरवंडी", म्हणजे तोंड उघडा. पहिला म्हातारा गोदावरीवर मासे धरणारा. त्याने तोंड उघडलं, बाईंनी ब्रश फिरवला, बाटलीत टाकला, झाकण लावलं आणि मराठीतून सुरू झाल्या. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानेही तेलुगूतून सुरुवात केली, बाईंपेक्षा वरच्या पट्टीत. दोघांनाही एकमेकांचं काही कळत नव्हतं. बाहेर रांग वाढत होती. शेवटी म्हाताऱ्याने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेले दोन सुके मासे काढून बाईंसमोर ठेवले आणि निघून गेला.

बाईंनी ते अयूबभाईंसाठी घरी आणले. वाटेत एसटीत सगळ्यांनी खिडक्या उघडल्या.